साडू, श्विपश्वागर आणि दोन बहिणी



आजच्या विषयाचं नाव ऐकूनच काही जण हसले, ते बरंच झालं. साडू हा शब्दच तसा आहे. 'काका' म्हटल्यावर कोणी हसत नाही, 'सासरे' म्हटल्यावर तर नाहीच नाही. 'हे आमचे साडू' अशी ओळख करून दिली की मात्र ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. का येतं, हा आजचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधताना आपण थोडे जर्मनीला जाऊ, थोडे वेदकाळात जाऊ, आणि शेवटी आपल्या बीड जिल्ह्यात परत येऊ. तिथे आल्यावर ही गंमत जरा गंभीर होते, हे आधीच सांगून ठेवतो.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. दोन बहिणी दोन घरी दिल्या की त्यांचे नवरे एकमेकांचे साडू झाले. रक्ताचा संबंध नाही, कूळ वेगळं, गाव वेगळं. एक केजचा, दुसरा गेवराईचा. एक मास्तर, दुसरा आडतीवर. दोघांनी एकमेकांना निवडलेलं नाही. दोघांनी एकाच घरची मुलगी केली, एवढाच काय तो संबंध.

जर्मनांचा साडू

जर्मन भाषेत या नात्याला एक गमतीचा शब्द आहे, 'श्विपश्वागर'. बोलण्यातला, घरगुती शब्द. त्याचे दोन अर्थ होतात. एक, बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे आपला साडू. दुसरा, मेहुण्याचा किंवा वहिनीचा भाऊ, म्हणजे ज्याला आपण नुसतं 'पाव्हणे' म्हणून वेळ मारून नेतो तो.

यातला 'श्वागर' हा साधा शब्द. बायकोचा भाऊ, नवऱ्याचा भाऊ, बहिणीचा नवरा, सगळ्यांना एकच. गंमत आहे ती 'श्विप' मध्ये. कोशकार त्याचा संबंध 'श्विपन' या क्रियापदाशी लावतात. श्विपन म्हणजे हेलकावणं, लवलवणं. चाबकाचं टोक लवलवतं, तसं. त्याच कुटुंबातला 'श्विप्स' हा शब्द दोन घोटांनी आलेल्या हलक्या झिंगेसाठी वापरतात. तेव्हा श्विपश्वागर म्हणजे नात्याच्या सरळ दांडीवर न बसता तिच्या टोकाला लवलवत राहिलेला मेहुणा. पुन्हा दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला 'श्व' आल्यामुळे उच्चारतानाच हसू येतं. आपण 'सोयरे-धायरे' म्हणतो तेव्हाही अर्थाचं अर्धं काम नादच करतो.

आता तो साधा 'श्वागर' बघा. दिसतो परका, पण आहे आपल्या घरचा. संस्कृतात सासऱ्याला श्वशुर म्हणतात, सासूला श्वश्रू. जुन्या जर्मनमध्ये सासरा 'श्वेहुर' आणि सासू 'श्विगर'. ही दोन्ही भाषाकुळं एकाच मूळ भाषेतून निघाली, त्याचा हा घरातला पुरावा. पुढे सासूच्या शब्दाचा अर्थ पातळ झाला, म्हणून जर्मनांनी त्याला 'आई' हा शब्द जोडून 'श्वीगरमुटर' केलं. आपण सासूला 'बाई' जोडून सासूबाई करतो, तसाच तो जोड समजा.

आणि सासऱ्यापासून मेहुणा कसा झाला? वसुदेवाचा मुलगा वासुदेव, दशरथाचा मुलगा दाशरथी. पहिला स्वर वाढवला की 'त्याचा', 'त्याच्याकडचा' असा अर्थ निघतो. संस्कृत व्याकरणात याला वृद्धी म्हणतात. जर्मन श्वागर अगदी याच रीतीने झाला आहे असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्वर वाढवला, आणि सासऱ्याकडचा तो श्वागर. पाणिनीने श्वशुर शब्दाला वेगळा प्रत्यय लावून 'श्वशुर्य' सिद्ध केला, त्याचाही अर्थ सासऱ्याचा मुलगा, म्हणजे मेहुणा. दोन टोकांच्या दोन भाषा, आणि मेहुण्याची ओळख दोघींनीही सासऱ्याच्या नावानेच सांगितली.

आणखी एक गंमत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जर्मन प्रवासी टपालगाडीच्या गाडीवानाला 'श्वागर' म्हणून हाक मारत. गटेची १७७४ची एक प्रसिद्ध कविता काळालाच असा गाडीवान कल्पून त्याला उद्देशून लिहिलेली आहे, तिच्या नावातही श्वागर आहे. म्हणजे अनोळखी माणसाला मेहुणा म्हणायची रीत काही आपल्याच एस.टी. स्टँडवरची नाही. आपल्याकडे 'ओ पाव्हणं, जरा सरका' म्हणतात, 'दाजी' म्हणतात. ज्याचं नाव माहीत नाही त्याला सासुरवाडीच्या नात्यात बसवून टाकायचं, म्हणजे थोडी जवळीक होते आणि थोडी थट्टाही होते.

साडू कुठून आला

आता आपला शब्द. टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात साडूचं मूळ 'श्यालीवोढृ' असं दिलेलं आहे. श्याली म्हणजे मेहुणी. वोढृ म्हणजे वाहून नेणारा. 'वह्' हा तोच धातू, ज्यापासून विवाह झाला आणि विवाहापासून आपला व्याही झाला. तेव्हा साडू म्हणजे शब्दशः 'मेहुणीला घेऊन गेलेला'. एवढा लांबलचक सामासिक शब्द हजार-दीड हजार वर्षं लोकांच्या तोंडात घोळला आणि दोन अक्षरांचा झाला. हिंदीत साढू राहिला, त्यातला 'ढ' अजून मूळची आठवण ठेवून आहे.

इथे जरा थांबून 'जाऊ' हा शब्द शेजारी ठेवा. जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. तो आला संस्कृत 'यातृ'वरून, आणि या यातृची भावंडं ग्रीकमध्ये आहेत, लॅटिनमध्ये आहेत. म्हणजे जाऊ हा हजारो वर्षं जुना, मूळचाच शब्द. साडू मात्र नंतर जोडून बनवावा लागला. असं का?

आमच्या मते कारण चुलीत आहे. मुली लग्न होऊन नवऱ्याच्या घरी जात. दोन भावांच्या बायका एका छपराखाली, एका चुलीवर येत. रोज उठून भेट, रोज काहीतरी वाटून घ्यायचं, रोज काहीतरी कुरबुर. या नात्याला शब्दावाचून एक दिवस निघाला नसता. साडू मात्र दोन वेगळ्या गावांत. सणाला भेटणार, लग्नात भेटणार, मयतीला भेटणार. त्याच्यावाचून भाषेचं बराच काळ भागलं. पुढे गरज लागली तेव्हा दोन शब्द जोडून काम भागवलं. जर्मनांनीही तेच केलं, श्विप आणि श्वागर जोडले. चुलीच्या नात्याला जुना शब्द, सणाच्या नात्याला जोडलेला.

मेहुण्याचा इतिहास आणखी वेगळा. मेहुणा हा मिथुन-मैथुन या शब्दांच्या कुळातला. त्यातच आपलं 'मेहूण' आहे, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आपण सणाला मेहूण जेवायला सांगतो, ते हेच. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'देशीनाममाला' हा प्राकृत शब्दांचा कोश केला, त्यात 'मेहुणिआ'चे दोन अर्थ दिले आहेत : बायकोची बहीण आणि मामाची मुलगी. ज्या समाजात मामाची मुलगी करायची चाल आहे, तिथे हे दोन अर्थ एकाच शब्दात राहणारच. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हटलं. साडू उत्तरेच्या रक्ताचा, आणि मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेची ओढ. आपल्या एका मांडवात दोन्ही बसतात.

हसायचं का

आता मूळ प्रश्न. लग्नाच्या नात्यांनाच हसतात, रक्ताच्या नात्यांना नाही, हे का?

ही सवय फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्र आणि अग्नी यांची स्तुती करताना ऋषी म्हणतो की तुम्ही जावयापेक्षा आणि मेहुण्यापेक्षाही जास्त देणारे आहात असं ऐकलं आहे. देवांना द्यायला तुलना सापडली ती मेहुण्याची! तिथला शब्द 'स्याल', म्हणजेच आपला साला. यास्काचार्य 'निरुक्तात' या शब्दाची फोड करतात. एक फोड अशी की तो संबंधाने जवळ आलेला असतो. दुसरी फोड अशी की तो 'स्या'तून, म्हणजे सुपातून, लाह्या टाकतो. आजही आपल्या लग्नात लाजाहोमाला नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, आणि कानपिळीच्या वेळी नवऱ्या मुलाचा कान पिळून मानाचा आहेर वसूल करतो. दुसरी फोड भाषाशास्त्राला मान्य होणार नाही, पण यास्काने शब्द समजून घ्यायला मांडवात पाहिलं, हे आम्हाला फार आवडतं.

पुढे संस्कृत नाटकात हाच मेहुणा थट्टेचा धनी झाला. 'मृच्छकटिका'तला शकार हा राजाचा मेहुणा, मूर्ख आणि माजलेला. 'शाकुंतला'त अंगठी सापडलेल्या कोळ्याला पकडून आणणारा नगररक्षकही राजाचा मेहुणाच. बहिणीच्या जिवावर मिळालेली खुर्ची, हा विनोद दीड हजार वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांनाही कळत होता. तो आजच्या प्रेक्षकांना कळतो की नाही, हे तुम्हीच ठरवा.

रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. लग्नाने दोन घरं जवळ येतात, पण एक होत नाहीत. जवळीक हवी, आणि हितसंबंध मात्र वेगळे. अशा ठिकाणी भांडण टाळायचे दोन मार्ग असतात. एक, अति मान द्यायचा, अंतर ठेवायचं. सासू-जावयाचं तसं असतं. दुसरा, थट्टा करायची आणि थट्टेचा राग धरायचा नाही असा नियम करायचा. मेहुणा-मेहुणींचं तसं असतं.

याचं उदाहरण शोधायला आपल्याला आफ्रिकेत जायला नको. आपल्याच केज तालुक्यातलं विडा गाव बघा. धुळवडीला तिथे जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. गळ्यात चपलांचा हार, पुढे हलगी. निजामाच्या काळापासूनची ही चाल आहे असं गावकरी सांगतात. धुळवड जवळ आली की गावचे जावई दडून बसतात आणि गावकरी त्यांना हुडकत फिरतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे, सोन्याची अंगठी असा आहेर होतो. वर्षभर ज्याच्यापुढे वाकायचं त्याला एक दिवस गाढवावर बसवायचं, आणि पुन्हा मान द्यायचा. मान आणि थट्टा एकाच दोरीला बांधल्या आहेत.

साडूचं मात्र याहून वेगळं आहे. सासऱ्यापुढे जावई मोठा. मेहुण्याची थट्टा करायची सोय आहे. पण साडू आणि साडू? दोघेही जावईच. कोणी कोणापुढे वाकायचं नाही, कोणी कोणाला आहेर करायचा नाही. एकाच घरात दोन मानकरी, आणि मानाची वाटणी करणारा सासरा एकच. धोंड्याच्या महिन्यात जावयांना बोलावतात, तेहतीस अनारसे किंवा धोंडे वाढतात. आता एकाला चांदीचं ताट आणि दुसऱ्याला पितळेचं मिळालं, तर तोंडाने कोणी बोलत नाही, पण दोघांनाही दिसतं. ही बरोबरी, ही तुलना, आणि तिच्याबद्दल बोलता न येणं, यातून साडूचं हसू येतं. ते हसू म्हणजे एक प्रकारचा तह आहे.

नात्याचं तर्कशास्त्र

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून दोन शब्द तर्कशास्त्राचे. संबंधांचं तर्कशास्त्र मांडणाऱ्यांत ऑगस्टस डी मॉर्गन हे मोठं नाव. इंग्रज गणिती, पण जन्म आपल्याकडचा, १८०६ साली मदुराईला. संबंधांवरचा त्याचा महत्त्वाचा निबंध १८६०चा.

त्याच्या पद्धतीने पाहू. सासरा-जावई हा संबंध उलटत नाही. मी तुमचा सासरा असलो तर तुम्ही माझे जावई, सासरे नाही. साडू उलटतो. मी तुमचा साडू, तर तुम्हीही माझे साडू. शिवाय तो पुढे सरकतो. तीन बहिणी असल्या तर साडूचा साडू हाही माझा साडूच. व्याही उलटतो, पण पुढे सरकत नाही. व्याह्याचा व्याही माझा कोणीही नसतो. लग्नपत्रिका द्यायची की नाही, याच्यावर घरात वाद होतो तो इथेच.

आणि यातून एक साधी गोष्ट निघते. प्रत्येक नात्याच्या शब्दाला काही अटी असतात. जाऊ या शब्दाला किमान दोन भाऊ लागतात. नणंद या शब्दाला एक भाऊ आणि एक बहीण. साडू या शब्दाला किमान दोन बहिणी लागतात. एका बहिणीवर साडू होत नाही. कोशात शब्द राहील, पण घरात माणूस असणार नाही.

लग्नाने एक नातं जुळत नाही, एक जाळं विणलं जातं. आपल्या जिल्ह्यात देवांचीही कथा हेच सांगते. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले, देवी कुमारिकाच राहिली. हत्तीखान्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले, असं लोक सांगतात. लग्न एक राहिलं, पण थिजलं ते सगळं वऱ्हाड.

आता आपल्या जिल्ह्याचा आकडा

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रात हा आकडा सगळ्यात कमी होता. सबंध राज्याचा आकडा ८९४. २००१ साली बीडचाच आकडा ८९४ होता. म्हणजे दहा वर्षांत हजारामागे ८७ मुली कमी झाल्या. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झालेला होता.

त्या आकड्यातली मुलं-मुली आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. मुलगे आहेत, मुली नाहीत. मुलगी मिळत नाही म्हणून गावोगाव पंचविशी-तिशी ओलांडलेली मुलं बसून आहेत, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. त्यावर बरंच बोललं जातं. आम्हाला त्यातला एकच बारीक धागा दाखवायचा आहे.

कुटुंब लहान झालं म्हणून काही नाती विरळ होणार, हे मान्य आहे. दोन मुलांवर थांबणारं कुटुंब चुलत्यांची आणि मावश्यांची रांग देऊ शकत नाही. त्यात वाईट काही नाही. पण दोन मुलांवर थांबणाऱ्या घरांतही फरक आहे. दोन मुलगे झाले तर पुढे जावा होतात. एक मुलगा, एक मुलगी झाली तर नणंद-भावजय होतात. आणि दोन मुली झाल्या तरच साडू होतात. ज्या घराने पहिल्या मुलीनंतर दुसरीलाही येऊ दिलं, त्याच घराच्या पोटी हा शब्द जन्माला येतो.

म्हणून आम्ही म्हणतो, साडू हा नुसता गमतीचा शब्द नाही. ती एक नोंद आहे. एखादा माणूस लग्नात कोणाकडे बोट दाखवून 'हे आमचे साडू' म्हणतो, तेव्हा तो नकळत सांगत असतो की आमच्या सासुरवाडीने दोन मुली वाढवल्या. जिथे जावयांना साडूच नाहीत, अशी घरं वाढत गेली, तर त्याचं कारण कधी लहान कुटुंब असेल, आणि कधी दवाखान्यातलं बंद दार असेल. शब्दाकडे बघून ते वेगळं करता येत नाही. हजारी ८०७ या आकड्याकडे बघून मात्र करता येतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊसतोडीला जातात. तिथे मजुरीचा हिशेब 'कोयत्या'वर होतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तेच आपलं मेहूण. उचल जोडीला मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता. टोळीत भाऊ असतात, मेहुणे असतात, साडू असतात. फडावर बाई बाळंत झाली किंवा गडी आजारी पडला, तर पहिला धावतो तो असाच कोणी लवलवत्या टोकाचा नातेवाईक. रक्ताच्या नात्याला हक्क असतो, कर्तव्य असतं. साडूला कसलंच बंधन नाही, तरी तो येतो. ज्या नात्याला आपण हसतो, त्याचा आधार असा असतो.

जर्मनांनी त्याला हेलकावणारा म्हटलं, आपण मेहुणीला घेऊन गेलेला म्हटलं. दोन्ही शब्द थट्टेचे आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी एका घरच्या लेकी आहेत. मुली असतील तर मेहुण्या असतील, मेहुण्या असतील तर साडू असतील, आणि मांडवात हसायला कारण असेल. जिल्ह्याचा आकडा वर न्यायचा, तर तो आधी घराघरात वर न्यावा लागतो.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि श्रोत्यांत दोन साडू शेजारी-शेजारी बसले असतील, तर त्यांनी एकमेकांकडे बघून एकदा हसायला हरकत नाही.